किल्ल्याखालचं गाव

पाऊस संपला, की आमच्या कोपरला एक विचित्र आठवडा येतो. खाडीकडच्या चिखलावर कोरडी साय धरते, दुपारी अंगाची लाही लाही होते, आणि संध्याकाळ इतकी पटकन उतरते, की दोरीवरचे कपडे काढेपर्यंत अंधार. ऑक्टोबर. लोक हीट हीट करून बोंबलतात, पण मला त्या उन्हाचं काही वाटत नाही. मला नको असते ती दारावरची बेल. दिवाळीची सुट्टी लागली, की सोसायटीतली पोरं वर येतात. "मावशी, जुनी गोणपाटं आहेत? किल्ला करतोय." मी देते. विटा गच्चीवरच्या घ्या, असंही सांगते. पण "बघायला या हां" म्हणाली, की "बघू" म्हणून दार लावून घेते. मग दिवाळी संपेपर्यंत मी मागच्या गेटने ये-जा करते, म्हणजे किल्ल्यासमोरून जावं लागत नाही.

हसाल तुम्ही. चाळिशी उलटलेली, विमा कंपनीत क्लेम तपासून लोकांच्या शिव्या खाणारी बाई मातीच्या किल्ल्याला घाबरते. घाबरते खरी. त्याला कारण माझा भाऊ नंदू आणि एक निवडणुकीचा ऑक्टोबर.

नंदू माझा धाकटा. बाबा गेल्यावर तो, आई आणि मी असे तिघंच या घरात होतो. तो घरूनच एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायचा, कानाला हेडफोन, अंगात बनियन. कामात हुशार होता की नाही देव जाणे, पण त्याच्या गळ्यात अख्खी सोसायटी राहायची. सेक्रेटरी केळकरकाका पाण्याच्या टाकीविषयी बोलण्याआधी जसे खाकरतात, तसा तो बाथरूममधून खाकरला, की मी खरोखर ओढणी शोधायला धावायचे. इस्त्रीवाला, पोळ्या करणाऱ्या सुमनताई, लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणणारी ती न दिसणारी बाई, सगळे त्याच्याकडे हजर. पण लाडका आवाज एकच, कल्याणहून येणाऱ्या अत्तरवाल्या चाचांचा. चाचा अधूनमधून छोटी पेटी घेऊन बिल्डिंगमध्ये यायचे. कोणी काही घेतलं नाही तरी मनगटावर कापसाचा बोळा फिरवून जायचे. "सूंघो बेटा, सूंघने का कुछ नहीं लगता." नंदू हे म्हणाला, की आईला घरात वाळ्याचा वास यायचा. आईचा भाबडेपणा म्हणा हवं तर. मलाही यायचा.

रोल प्लेइंग गेम म्हणजे काय, हे मला त्यानेच शिकवलं. मला वाटायचं, कॉम्प्युटरवर खेळायचं म्हणजे गोळ्या झाडायच्या. तो म्हणाला, "ताई, यात तू तू नसतेस. तू कोणीतरी दुसरी होतेस आणि दुसरीच्या आयुष्यात हिंडतेस." म्हटलं, बघू तरी. तो तलवारबहाद्दर झाला, मी झाडपाल्याची औषधं देणारी एक कजाग म्हातारी. रविवारी दुपारी पडदे ओढून आम्ही खेळायला बसायचो. आई मध्येच येऊन विचारायची, "मेला का तो राक्षस?" आणि चहा ठेवून जायची.

त्या खेळात एक डोंगरी किल्ला होता आणि किल्ल्याखाली गाव. कुणाशी बोलायला गेलं, की पडद्यावर तीन उत्तरं यायची, त्यातलं एक आपण निवडायचं. मी नेहमी सभ्य उत्तर निवडायचे. नंदू मुद्दाम सगळ्यात खवचट. "बघू ना काय होतं." आपल्याला तीन उत्तरं असायची, पण गावातल्या माणसांना एकच. लोहार एकच वाक्य बोलणार, पाववाली एकच. विहिरीपाशी बसलेला म्हातारा म्हणायचा, वारा बदललाय, दारं लावून घ्या. नंदू गेमचा आवाज बंद करायचा आणि त्याला आमच्या कोपर गावातल्या एका आजोबांचा आवाज द्यायचा, "वारा बदललाय गो बाय, दार लाव." आम्ही हसून लोळायचो. एकदा नंदूने गंमत म्हणून त्या म्हाताऱ्याच्या घराला आग लावली. मागे घर जळतंय आणि म्हातारा आमच्याकडे बघून शांतपणे सांगतोय, वारा बदललाय, दारं लावून घ्या. मला कसंतरीच झालं. म्हटलं, "नंद्या, पुढे चल रे बाबा."

मग ती निवडणूक आली. गणपती उठले आणि गल्लीत प्रचाराच्या रिक्षा फिरायला लागल्या. एक रिक्षा रोज आमच्या नाक्यावर थांबायची. ड्रायव्हर टपरीवर चहा प्यायला जायचा, मागची सीट रिकामी, आणि ती रिकामी रिक्षा भर उन्हात एकटीच बोलत असायची. आपला माणूस, हक्काचा माणूस. समोर एक कुत्रं झोपलेलं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तो आवाज बंद खिडक्यांना सांगतोय, बाहेर पडा, बाहेर पडा.

त्याच सुमारास कुणी एक वक्ता सगळ्यांच्या फोनमध्ये आला. नाव घेत नाही, घेण्यासारखं नाही, आणि असे आता प्रत्येकाकडे आपापले असतात. घसा खाली दाबून बोलायचा, शेवटचा शब्द दगडासारखा आपटायचा. आपला कोण, परका कोण, आधी ओळखा. मग कुणाचं तरी वर्णन करायचा आणि म्हणायचा, हा इथला नाही. नंदूने पहिल्यांदा जेवताना त्याची नक्कल केली, तेव्हा आईला ठसका लागला इतकी ती हसली. भेंडीची भाजी पुढे ओढून तो म्हणाला, "ही भेंडी. हिला ओळखा. ही इथली नाही." आम्हीच त्याला सांगायचो, पुन्हा कर. पाहुणे आले, की त्यांच्यासमोर कर. इतकी हुबेहूब नक्कल व्हायची, की केळकरकाका एकदा दारात थबकले आणि म्हणाले, "टीव्ही लावलाय का?"

आवाज नीट जमावा म्हणून तो त्याची भाषणं ऐकायला लागला. आधी इस्त्री करताना, मग जेवताना, मग हेडफोन लावून. रविवारी दुपारी गेम राहिला बाजूला, तो एका हॉलवर जायला लागला. तिथे म्हणे त्याच्यासारखी पुष्कळ मुलं असायची. मी विचारलं, "तिथे काय करता?" तो म्हणाला, "ऐकतो." पुढे त्याची नक्कल नक्की कधी थांबली, ते मला सांगता येत नाही. भेंडीची भाजी आली तरी तो हसेना. मी म्हटलं, "हिला ओळखा," तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी ताटात बघायला लागले.

आणि तो एकटा नव्हता हो. तोच तर खरा ताप होता. इस्त्रीवाल्याला म्हटलं, यंदा ऊन फार, तर तो म्हणाला, आता जागं झालं पाहिजे. केळकरकाका, एरवी शुद्ध बोलणारे, दोन्ही बाजूंचा विचार करणारे, लिफ्टमध्ये म्हणाले, "आता जागं झालं पाहिजे, नाही का?" माझी मैत्रीण टिटवाळ्याला नवीन घर घेऊन राहायला गेलेली, तिला फोन केला, घर कसं आहे गं? तर घराचं सांगता सांगता तेच. माणसं आपापली, चेहरे ओळखीचे, आणि तोंडातून एकेकच वाक्य. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच, शब्दाला शब्द. राजकारणावर लोक पूर्वीही बोलायचे. आमचे बाबा तर बातम्या बघताना टीव्हीला शिव्या द्यायचे. पण त्या शिव्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, दर दिवशी नव्या.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकवतात. दोन माणसांनी एकाच अपघाताचं वर्णन अगदी सारख्या शब्दांत केलं, तर फाइल बाजूला काढायची. खरं बघितलेलं माणूस अडखळतं, एकाला ट्रक निळा दिसतो, एकाला हिरवा. ठाण्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी उलटीच तऱ्हा होती, त्याचा चुलतभाऊ बरोबर विरुद्ध बाजूच्या एका वक्त्यामागे लागलेला. एकदा डबा खाताना आम्ही दोघांनी आपापल्या घरातले फॉरवर्ड एकमेकांना दाखवले. वाक्य तेच. विरामचिन्हंसुद्धा तीच. फक्त कुणापासून जपायचं, ते नाव बदललेलं. त्याने डबा बंद केला. बाहेर टक्क ऊन होतं आणि माझ्या अंगावर काटा आलेला.

त्यानंतर एकदा संध्याकाळी स्टेशनबाहेर मी केळी घेत होते आणि मागून नंदूचा आवाज आला. अगदी कानाशी. मी वळले, म्हटलं, "अरे तू इथे?" मागे एक अनोळखी माणूस उभा होता, हातात फोन, फोनवर भाषण चालू. तो माझ्याकडे बघून हसला. पुढे चपलांच्या दुकानातूनही तोच आवाज, पानवाल्याकडून तोच. रस्ताभर माझा भाऊ बोलत होता आणि कुठेच नव्हता. केळी तिथेच राहिली.

घरी येऊन मी आईशी भांडले. "त्याला काहीतरी झालंय, तुला कळत नाही का?" आई वाती वळत होती. म्हणाली, "अगं, त्याचं मत असेल ते. तुझं नसतं का? काम करतो, वेळेवर जेवतो, दारू नाही, काही नाही. बोलू दे." मी म्हटलं, "मताचं नाही गं म्हणत मी. मत कुणाचंही काही असू दे. तो कुठाय?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि वळलेली वात सोडून पुन्हा वळली. मला त्या क्षणी रडायला येत होतं. मला माझा भाऊ वाद घालायला तरी परत हवा होता, खवचट उत्तर देणारा. तो खोलीत होता, दार उघडं होतं, आणि मी "नंदू" म्हणून हाक मारायला घाबरत होते.

आता नंदू वर्तकनगरला असतो. लग्न झालं, बायको चांगली आहे. त्या हॉलवर जाणं त्याने पुढे कधीतरी सोडलं, का सोडलं ते मी विचारलं नाही आणि तो सांगत नाही. रविवारी फोन करतो, आईची विचारपूस करतो, मला म्हणतो गुडघ्याचं दाखवून घे. सगळं व्यवस्थित. फक्त तो आता कुणाचाच आवाज काढत नाही. एकदा त्याच्या बायकोला मी सांगायला गेले, की हा इतक्या नकला करायचा, की लोक दारात थबकायचे. तिला खोटंच वाटलं. "हे? काहीतरीच काय ताई, हे तर फोनवरसुद्धा मोजकं बोलतात." नंदू शेजारीच बसलेला. तो टीव्हीकडे बघत राहिला.

तर तो किल्ला. किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना आमच्याकडे चित्रं म्हणतात. आमच्या बिल्डिंगच्या किल्ल्याची एक रीत होती आणि ती नंदूनेच पाडलेली. चित्र फुटलं, की लोक टाकून देतात. नंदू टाकू द्यायचा नाही. ढाल तुटलेल्या मावळ्याला तो किल्ल्याखालच्या गावात नोकरी लावायचा. एक वाणी झाला, एक न्हावी झाला, हात मोडलेल्या द्वारपालाला त्याने शाळामास्तर केला. एका जुन्या मावळ्याला शाईने दाढी काढली, काड्यापेटीची पेटी हातात चिकटवली, की झाले अत्तरवाले चाचा. वर किल्ला लहान आणि खाली गाव मोठं, असा आमचा एकमेव किल्ला असेल. वसुबारसेच्या संध्याकाळी पणत्या लावल्या, की पोरं गोल करून बसायची आणि गाव बोलायला लागायचं. कुठल्याही चित्राला काहीही विचारा, नंदू त्याच्या आवाजात उत्तर देणार. मास्तरांना पाढे विचारायचे, न्हाव्याला गावच्या भानगडी. मोठी माणसंसुद्धा गॅलरीतून वाकून ऐकायची. माझ्या मते तोच खरा रोल प्लेइंग गेम होता, विजेशिवाय चालणारा.

निवडणुकीच्या त्या वर्षी पोरांनीच गाव मांडलं. नंदू उशिरा खाली आला. मी मुद्दाम त्याच्या मागोमाग उतरले. मनात म्हटलं, इथे तरी सापडेल. चाचांची वेळ आली, की तो आवाज काढल्याशिवाय याला राहवायचं नाही. अंधार पडत होता, पणत्या लागल्या होत्या, नाक्यावरची रिक्षा एकटीच बोलत होती. नंदू गावासमोर उकिडवा बसला.

पहिला प्रश्न श्रावणीने विचारला. तळमजल्यावर भाड्याने राहतात त्यांची मुलगी, लहान होती, समोरचे दात पडलेले. "चाचा, आज कुठला वास आणलाय?"

नंदू चाचांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. मग त्याच्या घशातून तो खाली दाबलेला आवाज आला. "हा इथला नाही."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या मजल्यावरचा ओम म्हणाला, "मग काका, वाणी?"

"हा इथला नाही."

"आणि मास्तर?"

"हा इथला नाही."

पोरांना वाटलं, यंदा नवीन खेळ आहे. ओमने चाचांना उचललं आणि बाजूच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. मग सगळीच सुरू झाली. आवाज प्रत्येकाला पहिल्याच फटक्यात जमला. तो काढायला सोपाच होता. घसा दाबायचा आणि शेवटचा शब्द आपटायचा. बारकी बारकी पोरं, गोड गळ्याची, सगळ्यांच्या तोंडून तोच म्हातारा राग. गवळण, हा इथला नाही. बैलगाडीवाला, हा इथला नाही. वाक्य बाईमाणसाला जुळत नाही, हेही कुणाला सुचलं नाही. चित्र उचलायचं, वाक्य म्हणायचं, कठड्यावर ठेवायचं. बघता बघता गाव रिकामं झालं. नुसती हळिवाची शेतं आणि उघड्या दारांची घरं. मला वाटलं, आता थांबतील. ती किल्ला चढायला लागली. याचा फेटा वेगळाय, हा इथला नाही. याची तलवार वाकडी, हा इथला नाही. बुरुजावरचे गेले, दरवाजावरचे गेले. शेवटी सिंहासनावर महाराज तेवढे उरले, आणि त्यांच्यासमोर मुजरा करायला कोणी नव्हतं.

चित्रं संपली तेव्हा पोरांनी एकमेकांकडे बघितलं. ओमचं बोट हवेतच होतं. ते फिरत फिरत श्रावणीवर थांबलं. "ही पण इथली नाही. हे लोक भाड्याने राहतात." आणि सगळी पोरं एका आवाजात म्हणाली, "हा इथला नाही." गॅलरीत उभी असलेली मोठी माणसं बघत होती. मीही तिथेच होते, जिन्याच्या पायरीवर, आणि मी खाली उतरले नाही.

नंदू ताडकन उठला. "ए! बास!" पण तेही त्याच आवाजात आलं. पोरं टाळ्या पिटायला लागली. त्यांना वाटलं, काका अजून खेळतोय. त्याने घाईघाईने कठड्यावरून चाचांना उचललं आणि श्रावणीपुढे गुडघे टेकून बसला. "थांब हां बाळा, चाचा बोलतायत बघ, चाचा बोलतायत." त्याने घसा साफ केला. पुन्हा केला. त्याच्या मानेच्या शिरा मला पायरीवरून दिसत होत्या. मग तो बोलला. शब्द चाचांचेच होते, "सूंघो बेटा," पण आवाज तोच, दाबलेला, आपटलेला. धमकी दिल्यासारखे ते दोन शब्द आले. श्रावणी तोवर रडली नव्हती. ती मागे सरकली, आणखी मागे सरकली आणि घराकडे पळत सुटली. तळमजल्यावरचं दार लागलं, कडी घातल्याचं ऐकू आलं. पोरं पांगली. पणत्या कुणी विझवल्या मला आठवत नाही.

नंदू जिना चढायला लागला, मी त्याच्या मागे. मधल्या मजल्यांवर तो हळूहळू काहीतरी पुटपुटत होता. केळकरकाकांचं खाकरणं करून बघत होता, सुमनताईंचं, लिफ्टमधल्या बाईचं. काहीच येत नव्हतं. आमचं दार लोटलेलं होतं. आत आई शंकरपाळे तळत होती. नंदूने किती सोंगं काढली तरी आईला तो कधीही फसवू शकला नव्हता. चाचा होऊन बेल वाजवली तरी ती आतून ओरडायची, "पुरे रे नंद्या, ये आत." त्या संध्याकाळी तो उंबऱ्यावर थांबला. हात चिखलाने माखलेले. म्हणाला, "आई, पाणी दे."

आत झारा थांबला.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"मी."

थोडा वेळ तेल तेवढं वाजत राहिलं. मग आई म्हणाली, अगदी परक्या माणसाशी बोलतात तशा आदराने, "घरात कोणी नाही हो आत्ता. मुलगा खाली किल्ल्यापाशी आहे, तो आला की या."